मी समुद्रावर आहे असे समजावे

मी, खाली सही करणारी नेरोलिन हावीमाना, वय सत्तावीस, अविवाहित, धंदा रेडिओ प्रक्षेपणाची तंत्रज्ञ, राहणार बुआला, इसाबेल बेट, सॉलोमन द्वीपसमूह, स्वतःच्या अक्षरात, शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही भिडेला न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी प्रकृती उत्तम आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या जिवंत असण्याबद्दल आमच्या गावात एकदा गैरसमज झालेला आहे.

याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते. न केल्याचा परिणाम मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. सहसा तो ज्याचा त्याला पाहायला मिळत नाही.

आता करण्याची कारणे दोन. पहिले, माझ्या वस्तू पुन्हा तशा वाटल्या जाऊ नयेत. दुसरे, जे खरे कारण आहे, ते असे की माझी आई एडिना मला रेडिओवरून निरोप लिहिते. मी समुद्रावर हरवले तर केंद्राच्या नव्या नियमाप्रमाणे ते बंद होईल. ते बंद होऊ नये. यावरचा उपाय कलम सहामध्ये आहे. ज्यांना बादलीबद्दलच जाणून घ्यायचे आहे त्यांनी कलम तीन वाचावे.

वकीलबाई मार्था सुकी म्हणाल्या, की एवढ्या इस्टेटीचे मृत्युपत्र अर्ध्या पानात होते. मी अर्ध्या पानाचेच ठरवून बसले होते.

कलम १. हकिकत

गेल्या वर्षी मी डडली काकांच्या फायबरच्या होडीतून होनिआराहून बुआलाला निघाले. सामानात पुनःप्रक्षेपण केंद्रासाठी एक सौर पॅनेल आणि एक बॅटरी होती, आणि खिशात माझा लहान रेडिओ. सामुद्रधुनीच्या मध्यावर इंजिन बंद पडले. पेट्रोलमध्ये पाणी होते. डडली काकांनी टाकीत वाकून पाहिले आणि म्हणाले, "इतकं पाणी बाहेर पडलंय, याला आतच यायचं होतं?" पुढे त्यांनी बरेच विनोद केले. मी एकही विसरलेले नाही.

आम्ही वाहत गेलो. पाऊस प्यायलो, मासे कच्चे खाल्ले. पॅनेल असल्यामुळे रेडिओ मात्र चालू राहिला. त्यावर बोलता येत नव्हते, फक्त ऐकता येत होते. मध्यम लहरी अंधार पडू लागला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात. म्हणून दिवसभर खरखर असे, आणि संध्याकाळी बातम्यांनंतर सेल्विनचा आवाज येई. सेल्विन आमच्या केंद्रावर निरोप वाचतो. कोणाचा भाऊ गेला, कोणाची बोट चुकली, कोणी शाळेची फी घेऊन कोणत्या धक्क्यावर थांबायचे, हे लोक खिडकीवर कागदावर लिहून देतात आणि तो वाचतो. ज्या बेटांवर फोन पोचत नाही तिथे त्या वेळी सगळे गप्प बसतात.

पहिल्या दिवसांत आमच्या शोधाच्या सूचना येत. मग त्या थांबल्या. मग एका संध्याकाळी मी माशाचे पोट फाडत असताना सेल्विनने वाचले: "बुआलाच्या एडिना हावीमाना आणि त्यांचे भाऊ हिल्टन यांच्याकडून सर्व नातेवाइकांस. नेरोलिन समुद्रात गेली. शनिवारी देवळात प्रार्थना आणि नंतर जेवण. येताना रताळी आणावीत."

माझ्या हातात सुरी होती. ती मी खाली ठेवली, पाते बाहेरच्या बाजूला करून, शिकवले आहे तशी. आवाज अगदी स्वच्छ होता. प्रवासाला निघण्याआधी तो प्रक्षेपक मीच नीट लावून दिला होता.

"पोरी," डडली काका म्हणाले, "तू गेलीस. मासा इकडे दे, वाया जाईल."

"तुमचं नाव का नाही घेतलं?"

"माझी बायको एवढ्यात खर्चाला तयार होणार नाही. म्हणेल, आधी दाखवा."

ती खरोखरच तसे म्हणाली होती, हे नंतर कळले.

शनिवारी आम्ही रेडिओ लावला नाही. रविवारी लावला. दोन निरोप झाले आणि तिसरा असा होता: "नेरोलिनला, आईकडून. तुझ्या जेवणाला माणसं खूप आली. भात पुरला. मामीनं वाढताना हात आखडता घेतला. तू असतीस तर वाढायला बरं झालं असतं."

वाचून सेल्विन गप्प झाला. लहर चालू होती आणि आवाज नव्हता. अशा वेळी तंत्रज्ञाला पहिली शंका यंत्राची येते. मी मनातल्या मनात तारा तपासू लागले. मग त्याने घसा साफ केला आणि पुढचा निरोप वाचला.

"मेलेल्या माणसाला निरोप?" डडली काका म्हणाले. "तुझ्या आईला कुणी सांगितलं नाही का, तू गेलीस म्हणून?"

"तिनंच सांगितलं होतं सगळ्यांना."

त्यावर त्यांनी विनोद केला नाही.

मेल्याची बातमी ऐकून धक्का बसला होता, पण तो विजेच्या धक्क्यासारखा होता. हात मागे घेतला की संपतो. हा संपेना. माझ्या आईने मला आयुष्यात पत्र लिहिले नव्हते. मी होनिआराच्या तंत्रशाळेत होते तेव्हा ती बोटवाल्याबरोबर अळूचे कंद पाठवी. त्यांच्यासोबत कधी चिठ्ठी नसे. ती दुसरीपर्यंत शिकली आहे. तिला लिहिता येते हेच मला नक्की माहीत नव्हते.

पुढच्या संध्याकाळी पुन्हा निरोप आला: "नेरोलिनला. तुझी निळी बादली मामीनं नेली. मी काही बोलले नाही. बोलायला तू होतीस."

त्याच्या पुढच्या: "नेरोलिनला. तुझ्या वडिलांच्या कबरीवरचं गवत काढलं. तुझी कबर नाही म्हणून तिथंच जरा जास्त वेळ बसले. एक खेकडा आला होता. बराच वेळ बघत होता."

त्यानंतर रोज. डडली काका तिन्हीसांजेला स्वतःच पॅनेलची तार जोडू लागले. "चल, तुझी आई आली," म्हणत. बादलीचे पुढे काय झाले याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. एकदा निरोप आला नाही, दुसऱ्या बेटावरचे वादळ आड आले असावे, तर ते रात्रभर कुशी बदलत राहिले.

शेवटी ट्यूना पकडणाऱ्या एका जहाजाने आम्हाला वर घेतले.

कलम २. परत आल्यावर

बुआलाच्या धक्क्यावर माझ्या ओळखीचे बरेच लोक रडत होते. त्याआधी, जहाजाची शिडी उतरतानाच, दुसऱ्या बेटावरच्या एका अनोळखी बाईने माझा दंड धरला. मला वाटले, आधार देते आहे.

"तू नेरोलिन ना? बादली मिळाली का गं?"

मी स्वतःबद्दल फार बोलत नाही. कामाच्या ठिकाणी माझे आडनावही काहींना माहीत नव्हते. आता खालच्या टोकापर्यंतच्या बेटांवर लोकांना माझी बादली माहीत होती, मी लहानपणी झोपेत दात खायचे हे माहीत होते, आणि मी मामीशी कशावरून भांडले होते हेही माहीत होते. परक्या गावांहून निरोप येऊ लागले होते: "नेरोलिनच्या आईस. डुकरिणीला पपईचा पाला देऊ नका." लोक जेवणे थांबवून तिला ऐकत होते.

आई धक्क्यावर नव्हती. ती केंद्राच्या खिडकीवर होती. मी आल्याचे कळूनही ती आधी हातातला निरोप पुरा करून मग आली, असे सेल्विनने मला सांगितले.

"काय लिहीत होती?"

"'नेरोलिनला. लोक म्हणतात तू आलीस. मी बघायला निघाले,'" सेल्विन म्हणाला. "वाचू का आज?"

"नको."

त्याने वाचला. त्याला मी विचारले, की मेलेल्या माणसाचे निरोप तू वाचलेस कसे. तो म्हणाला, "तू मेलीस हे मीच वाचलं होतं. पण मी जे वाचतो ते सगळं खरं धरत नाही. धरलं असतं तर वेडा झालो असतो."

कलम ३. हत्यारे व घरातील वस्तू

माझ्या पश्चात, म्हणजे कलम सहाची मुदत संपल्यानंतर:

मल्टीमीटर, सोल्डरिंगची तापती सळई, पक्कडी व स्क्रू-ड्रायव्हरांचा संच केंद्राच्या पुढच्या तंत्रज्ञाला द्यावा, मग तो कोणीही असो. हिल्टन मामांना देऊ नये. मी गेले असे धरून त्यांनी या सळईने गावातल्या साऱ्या वल्ह्यांवर नावे जाळून काढली. मी परत मागितली तेव्हा ते म्हणाले, "तू तर गेली होतीस."

"आले ना परत."

"हो, पण वाटून झालं होतं. सगळेच असे परत यायला लागले तर वाटण्यांना अर्थ काय राहील?"

लिहून ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की मामांना हे खरोखरच अन्यायाचे वाटत होते. आमच्या बेटावर मामा म्हणजे वडिलांहून मोठा. भाचीच्या वस्तूंची व्यवस्था त्यानेच लावायची असते, आणि त्यांनी ती मन लावून केली होती. माझा ऑसिलोस्कोप, म्हणजे पडद्यावर लहरी दाखवणारे यंत्र, त्यांनी देवळाला दिला, कारण त्यांना तो टीव्ही वाटला. तो अजून वेदीच्या बाजूला आहे, त्यावर क्रोशाचा रुमाल आहे. तो तिथेच राहू द्यावा.

पलंग मामांना. तो त्यांच्याकडेच आहे.

निळी बादली मामीला. तिने ती परत आणून दिली होती, दारात ठेवली आणि मागे न पाहता गेली, कारण बाजारात बायका तिला तिच्या नावाऐवजी बादली म्हणू लागल्या होत्या. ती मी तिला या कलमाने रीतसर देत आहे. तिने ती उघड्यावर वापरावी.

कलम ४. घर

घर माझे आहे, जमीन माझी नाही. जमीन आईची, तिच्या आईची आणि त्यांच्या कुळाची. ती लेकीकडून लेकीकडे जाते आणि मला लेक नाही. घराच्या भिंती, पत्रे व पाण्याची टाकी आईला (हे खोडले आहे, कलम सात पाहावे). तिच्यानंतर कुळाने ठरवावे. छताचा दक्षिणेकडचा एक खिळा सैल आहे. वर चढणाऱ्याने जपावे.

कलम ५. आई

मी परत आल्यावर निरोप थांबतील असे मी धरून चालले होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर रुजू झाले. संध्याकाळी यंत्राजवळ बसले होते. बातम्या झाल्या. मग: "नेरोलिनला, आईकडून. तू काल जेवताना वर बघितलं नाहीस. रताळं कच्चं होतं का?"

मी खुर्चीत होते. माझ्यासमोर मापकांचे काटे हलत होते. ध्वनीची पातळी योग्य होती. माझ्या आईचे घर तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे, माझ्या घरात पलंगही उरला नसल्याने मी तिच्याच घरी उतरले होते, आणि रताळे कच्चे होते.

घरी गेले. ती नारळ खवत होती.

"आई, मी इथं आहे."

"दिसतंय."

"मग जे सांगायचं ते मला सांग ना."

"तोंडावर सांगितलं की तू दुरुस्त करतेस. काल मी म्हटलं, रताळी दहा-बारा निघाली. तू म्हणालीस, नऊ."

"नऊच होती."

"बघ."

ती खवत राहिली. करवंटी बाजूला ठेवून म्हणाली, "कागद मध्ये बोलत नाही."

मी खाली सांडलेला कीस वेचू लागले. मी हुशार समजली जाते.

निरोप चालू राहिले. मी शेजारी बसून जेवले, झोपले, तिच्याबरोबर बागेत गेले, आणि संध्याकाळी यंत्राच्या खोलीत बसून ऐकले की त्या दिवशी आमच्यात काय झाले. बऱ्याचदा ते मला माहीत नसे. एकदा असे आले: "नेरोलिनला. तुझे वडील गेले तेव्हा मी रडले नाही, असं तू मावशीला म्हणालीस. मी रडले होते. बागेत. परत येताना तोंड धुतलं, कारण तू दारात होतीस."

त्या संध्याकाळी मी दोन मिनिटे नोंद करायची विसरले. नोंदवहीत तिथे मोकळी जागा आहे.

मग केंद्राचे मॅनेजर टोही यांनी नियम काढला. निरोप फक्त जिवंत असलेल्या आणि गावाबाहेर असलेल्या माणसालाच देता येईल. त्यांचीही बाजू आहे. वेळ थोडा असतो आणि मृत्यूचे, बोटींचे निरोप मागे राहत होते. त्यांनी आईला खिडकीवर समजावले. मी आतून ऐकत होते.

"एडिनाबाई, तुमची मुलगी या भिंतीमागे बसलीय. हाक मारलीत तर ऐकू जाईल."

"ठाऊक आहे."

"मग?"

"हाक मारायची असती तर मारली असती."

"लोक हसतात हो."

"हसू देत. ऐकतात तरी."

"नियम आहे, बाई. ती गावात असेपर्यंत घेता येणार नाही."

ती कागद घेऊन परत गेली. मला बरे वाटले. हे लिहून ठेवते, कारण बरे वाटणे फार टिकले नाही.

आई बागेत जाईनाशी झाली असे नाही. जाई, येई, पण काहीतरी हातातून पडल्यासारखी. भात बुडाला लागू लागला. माणसे समोरून गेली की त्यांच्याकडे टक लावून बघे, ओठ हलत, आणि मग तोंड मिटे. मी विचारले, काय होते आहे.

ती म्हणाली, "आधी मी बागेत जायचे आणि यायचे. बाग म्हणजे बाग होती. तू गेलीस आणि मला पहिल्या दिवशी एवढंच लिहायचं होतं, की भात पुरला. ते कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि मामी तर सांगण्यातली नाही. तेवढं लिहिलं. लिहिताना तू समोर बसली होतीस. खरंच, पाय पोटाशी घेऊन, तू बसतेस तशी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर वाटलं, आज काय लिहायचं? म्हणून बघायला लागले. खेकडा बघितला. आधी शंभर खेकडे आले असतील, मी बघितला तो एकच. आता खिडकी बंद झाली, पण बघणं बंद होत नाही. साठतं. कुठं ठेवू?"

"वहीत लिही. मी आणून देते."

"वहीत कोण ऐकणार?"

"मी वाचेन."

"तू दुरुस्त करशील."

मग तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि, जसे कोणी बोटीचे वेळापत्रक विचारते तसे, विचारले, "तू परत कधी जाणार आहेस?"

"कुठं?"

"लांब. समुद्रापलीकडे. तू लांब गेलीस की खिडकीवर घेतील ना माझं."

हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकले. होडीत मी पुष्कळ काही ऐकले होते, पण हे माझ्या आईने मला, चुलीजवळ, भात उतरवताना विचारले. या बाईने माझे जेवण घातले होते. मी परत आल्यापासून ती मला धक्क्यावरसुद्धा एकटी जाऊ देत नव्हती. तिला आपण काय बोललो ते कळले असावे. तिचा हात तोंडावर गेला. पण तिने शब्द परत घेतले नाहीत.

भातावर झाकण ठेवून ती म्हणाली, "तू जाऊ नयेस असंच मला वाटतं. दोन्ही वाटतं."

मला हे पूर्ण समजलेले नाही. मी यंत्रे दुरुस्त करते. एका यंत्रात परस्परविरोधी दोन पातळ्या एकाच वेळी खऱ्या असतील तर ते यंत्र बिघडलेले असते. आई बिघडलेली नव्हती. हात पुसून तिने मला वाढले.

पूर्वेकडच्या प्रवाळबेटावरच्या पुनःप्रक्षेपण केंद्राला तंत्रज्ञ हवा होता. तिथे राहावे लागते, बोट क्वचित जाते, म्हणून कोणी अर्ज करत नव्हते. मी केला. उद्या निघते. रस्ता तोच, सामुद्रधुनीतून. होडीही तीच, डडली काकांनी इंजिन नवे घेतले आहे आणि पेट्रोल ते आता रुमालातून गाळतात.

मी आईसाठी जाते असे कोणी म्हणू नये. कामाची गरज होती. दोन्ही आहे.

कलम ६. मला मृत जाहीर न करण्याबाबत

नियमाप्रमाणे निरोपाचा माणूस गावाबाहेर हवा, आणि जिवंत हवा. पहिली अट मी जाऊन पूर्ण करते. दुसरी माझ्या हातात नाही. म्हणून असे लिहून ठेवते:

मी समुद्रावर हरवले, माझा ठावठिकाणा लागला नाही, कितीही काळ गेला, तरी आईच्या हयातीत मला मृत धरू नये. प्रार्थना करू नये, जेवण घालू नये, रेडिओवर वाचू नये, देवळाच्या नोंदीत काट मारू नये. (मागच्या वेळची काट तशीच आहे, धर्मगुरूंनी शेजारी बारीक अक्षरात 'परत आली' लिहिले आहे.) कोणी विचारल्यास मी समुद्रावर आहे असे सांगावे. ते खोटे ठरणार नाही.

तोपर्यंत आईचे निरोप गावाबाहेरच्या जिवंत माणसाला दिलेले निरोप समजून वाचावेत. मॅनेजर टोहींनी हे वाचून मान्य केले आहे आणि समासात त्यांची सही आहे. सही करताना ते म्हणाले, "तुम्ही मायलेकी एकाच घरात गप्प बसता आणि अख्ख्या देशाला जागं ठेवता." मी म्हटले, प्रक्षेपण संध्याकाळचे असते, झोपायची वेळ नसते. ते म्हणाले, "ती म्हणते ते खरं आहे. तुम्ही दुरुस्त करता."

आईचे निरोप कोणी लहान करू नयेत, सुधारू नयेत आणि त्यांत अर्थ काय असे तिला विचारू नये.

वकीलबाईंनी यावर हरकत घेतली. "तुम्हाला मृत धरायचंच नाही, तर हे मृत्युपत्र लागू कधी होणार?"

"आईनंतर."

"म्हणजे कदाचित तुमच्या मरणाशी याचा काही संबंधच राहणार नाही."

"नाही राहणार."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही लिहिताय कशासाठी?"

मी कलम एकपासून सारे कागद त्यांच्यासमोर सरळ लावून ठेवले. याहून चांगले उत्तर माझ्याकडे नव्हते.

कलम ७. शिल्लक

बँकेतली माझी सर्व रक्कम, कलम सहाची वाट न पाहता, मी हरवल्याच्या दिवसापासूनच निरोपांच्या शुल्कासाठी सेल्विनच्या स्वाधीन करावी. आधी ती आईच्या नावे लिहिली होती. बदलावी लागली, त्याचे कारण असे.

आज वाचन झाले तेव्हा आई कोपऱ्यात बसून सारे ऐकत होती. साक्षीदारांच्या सह्यांची वेळ आली. पहिले साक्षीदार डडली काका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, "मला तुझ्याकडून मासा मिळाला होता, पुरे." दुसरा साक्षीदार म्हणून वकीलबाईंनी आपल्या कारकुनाला हाक मारली, तेवढ्यात आई उठली.

"मी करते सही."

"तुम्हाला करता येणार नाही, मावशी," वकीलबाई म्हणाल्या. "सही केलीत तर घर, टाकी, पैसे, तुमच्या नावचं सगळं रद्द होईल."

"घर कुणाच्या जमिनीवर आहे?"

"तुमच्या."

"मग घर जाणार कुठं?"

"पण पैसे?"

"पैसे सेल्विनला द्या, तो लबाड नाही. मला लिहू द्या."

"लिहायचं नाही, मावशी. फक्त सही."

"हो हो," आई म्हणाली, आणि कारकुनाच्या हातातले पेन घेतले.

त्याप्रमाणे कलम चारमधील आईचा हिस्सा तिच्या कुळाच्या नावे व कलम सातमधील रक्कम सेल्विनच्या नावे केली आहे. खाडाखोड माझी आहे आणि मला मान्य आहे.

वरील सारे मी समजून उमजून लिहिले आहे. यापुढे यात मला काही जोडायचे नाही, असे मी तीनदा ठरवले.

ठिकाण: बुआला, इसाबेल
तारीख: चौदा ऑगस्ट

(सही) नेरोलिन हावीमाना

साक्षीदार पहिला:
(सही) डडली मोरू, होडीवाला. इंजिन नवे आहे.

साक्षीदार दुसरी:
एडिना. ही माझी मुलगी. हिनं माझ्यासमोर सही केली. डडलीपण होता, पण तो सुपारीचा चुना शोधत होता. वकीलबाई म्हणतात एवढं पुरे. नेरोलिनला, आईकडून. सही करताना तू जीभ दातांत धरतेस, तुझ्या वडिलांसारखी. हे मी आजच बघितलं. सत्तावीस वर्षं कुठं बघत होते कोण जाणे. तू उद्या निघशील. मी धक्क्यावर येणार नाही, आले तर हात सोडणार नाही. होडी नजरेआड झाली की खिडकीवर जाईन. रडू नकोस, मी पण बागेतच रडेन. तिथं एकटी उतरशील तेव्हा आधी रेडिओ लाव. तू पोचायच्या आधी माझं पोचलेलं असेल.